स्वप्ना सिस्टरचा वेगळा संडास

खोटं बोलायचं तर निदान धड बोलावं. स्वप्ना सिस्टरला तेवढंही जमलं नाही.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी सांगलीच्या एका हॉस्पिटलात सात दिवस ड्यूटी, मग सात दिवस लॉजवर कोंडून, असं तिचं तीन महिने चाललं होतं. लॉजची खोली दारापासून खिडकीपर्यंत नऊ पावलं. ती दिवसभर येरझाऱ्या घाली, टीव्ही लावी, बंद करी, परत लावी. वेटर जेवणाचं पाकीट दाराबाहेर ठेवून, दार वाजवून पळायचा.

मग नियम बदलला. ज्यांच्या घरी वेगळी खोली आणि वेगळा संडास आहे त्यांनी घरीच राहायचं, लॉज बंद. बाकीच्या नर्सेस खूश झाल्या. स्वप्ना मात्र नाही. तासगावाजवळच्या वाडीत घरी एकटी आई, पारूबाई. वीस वर्षं बेदाण्याच्या शेडवर राबलेली, आता दम्यानं बेजार, त्यात साखर. अशा माणसांचं वॉर्डात काय होतं ते स्वप्ना रोज डोळ्यांनी बघत होती. तिनं फॉर्मवर लिहून टाकलं, घरी वेगळा संडास नाही.

होता. तिच्या भावानं, राजरत्ननं, गेल्या साली आईच्या गुडघ्यांसाठी मागच्या खोलीला लागूनच बांधून दिला होता. खात्री करायला हॉस्पिटलनं गावच्या आशाताईला, म्हणजे आरोग्यसेविकेला पाठवलं, तर पारूबाईनं तिला हौसेनं आत नेलं, फरशी दाखवली, वर पाणी सोडून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या साहेबांचा फोन. "सिस्टर, घरी झकास संडास आहे म्हणे. उद्या खोली सोडा."

हॉस्पिटलच्या गाडीत ती दोन मास्क लावून बसली. उतरायचं, थेट मागच्या खोलीत शिरायचं, कडी लावायची, हेच ती घोकत होती. पण आई ऐकेल? भाकरी द्यायच्या निमित्तानं आत शिरणारच. जीव नुसता टांगणीला लागला होता.

घर सताड उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. मागच्या खोलीला मात्र आतून कडी.

"आई, दार उघड. तिथं मला राहायचंय."

"न्हाई उघडत," पारूबाई आतून म्हणाली. "गोळ्या घेतल्यात, पानी घेतलंय. भाकरी शेजारीन मागच्या खिडकीतनं देती."

"अगं, कोंडून मी घ्यायचं. तू नाही."

"दोघींतल्या एकीनं घ्यायचं, आशाताई म्हनली न्हवं? मग मी बसते." तिला धाप लागली, ती जरा थांबली. "तीन म्हैनं कोंडलीयास बाई. आता अंगनात फिर जरा."

स्वप्नानं पिशवी दाराशीच ठेवली. ती अंगणात उतरली आणि चालू लागली. नवव्या पावलाला सवयीनं थांबली. पुढं भिंत नव्हती. मग ती रडत रडत तशीच चालत राहिली.