तंबूपासून विहारापर्यंतचं अंतर

साठ सालच्या आसपास मी अकोल्याकडच्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेत परवान्यांचं टेबल सांभाळत होतो. तमाशाच्या तंबूला जागा ठरवणं माझ्याकडे होतं. नियम सोपा होता. शाळा, दवाखाना, प्रार्थनास्थळ यांच्यापासून ठरलेल्या अंतराच्या आत तंबू नको. अशा सगळ्या ठिकाणांची यादी मी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवली होती, प्रार्थनास्थळांपुढे देवाच्या नावाचा रकानाही आखला होता. त्या यादीप्रमाणे गावात तंबूला एकच जागा उरायची, बौद्ध वस्तीलगतचं मैदान. दरवर्षी फाल्गुनात तंबू तिथंच लागे, आणि मला त्यात काही वावगं दिसत नसे. यादी पक्की होती.

एका फाल्गुनात, परवाना द्यायच्या आदल्या दिवशी, वस्तीतली एक बाई टेबलासमोर येऊन उभी राहिली. सरकी काढायच्या जिनात कापूस निवडायची. लुगड्याला रुई चिकटलेली होती.

"बाबूजी, तुमच्या यादीत आमचा विहार काहून नाही?"

मी यादी पाहिली. खरंच नव्हता.

"टिनाचा हाये, पण हाये. लेकरं सांजच्याले तिथंच वाचतात. माही पोरगी यंदा मॅट्रिकले हाये, वस्तीतली पयली. पंधरा दिवस बाजूले ढोलकी वाजली तर काय वाचन ते?"

हेडक्लार्क शेजारून म्हणाले, "नोंद करसान, तर तंबू कुठी लावसान? मारुतीच्या डोक्यावर? अन् देवाच्या रकान्यात काय लिहिसान?"

"देव नाही तिथं," बाई म्हणाली. "अभ्यास हाये."

दुपारी चपराशाला घेऊन मी मोजायला गेलो. ती दुपार अजून डोळ्यांपुढे तरंगते. जिनाकडून रुईचे तंतू वाऱ्यावर येत होते, आणि जमिनीवर टेकायचं त्यांच्या मनातच नव्हतं. अर्धा उभारलेला तंबू झोपलेल्या जनावरासारखा फुगत होता, बसत होता. आत कुणीतरी शब्दांशिवाय गुणगुणत होतं. विहारात निळसर सावली होती. भिंतीवर खडूनं काढलेला नकाशा, त्यातल्या नद्या पुसट झालेल्या. मोजणीच्या साखळीचं एक टोक तिथं चपराशाच्या हातात देऊन मी उन्हात चालत निघालो, तेव्हा ती मोजणी संपूच नये असं वाटलं. पण संपली. तंबू अंतराच्या आत येत होता. बराच आत.

फडाची मालकीण ट्रंकेवर बसून ओले केस विंचरत होती. पुण्याकडची बाई.

"मोजा की, बाबू. देवापास्नं आमी किती लांब बसायचं ते तुमीच ठरवता. देवानं कवा तक्रार केली न्हाई."

मी म्हणालो, "या खेपेला देव नाही. तिथं मुलं वाचतात. एक मुलगी मॅट्रिकला बसते आहे."

फणी केसांतच राहिली.

"इतकी वर्सं आमी इथं वाजवतोय. कुणी बोललं न्हाई ते?"

"यादीत नव्हतं."

"यादीत!" ती हसली, आणि गड्यांना ओरडून म्हणाली, "खांब काढा रं!" मग माझ्याकडे वळली. "आता दुसरी जागा दावा."

माझ्याकडे नव्हती. एकेका मोकळ्या जागेवर यादीतलं एकेक देऊळ नजर ठेवून होतं. संध्याकाळच्या आत त्यांचं सामान पुढच्या गावी, तेल्हाऱ्याकडे निघालं, आणि तिथं तरी जागा मिळेल की नाही, हे मला सांगता आलं नाही. कचेरीत येऊन मी विहाराची नोंद केली. देवाच्या रकान्यात 'वाचन' लिहिलं. हेडक्लार्कांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि सही केली.

पुढच्या वर्षी गंमत झाली. तमाशाविना फाल्गुन काढलेल्या गावानं धीर सोडला, आणि मारुतीच्या पंचांनीच देवळामागच्या जागेला हरकत नसल्याचं लिहून दिलं. इतकी वर्षं त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

मालकीण परवाना घ्यायला आली. कागद हातात घेण्याआधी तिनं विचारलं, "ती पोरगी?"

"पास झाली. अमरावतीला शिकते."

ती दाराकडे वळली आणि बाहेर सावलीत बसलेल्या बायांना मोठ्यानं म्हणाली, "पास झाली गं!"

"कोण?" एकीनं विचारलं.

"आपली," ती म्हणाली.