उजवीकडची काठी

मास्तर शिकणाऱ्यांना नावाने ओळखत नसत, वेळेने ओळखत. सातचा, साडेआठची, दहाचा. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. गाडी एक, मैदान एक, आणि रंगाच्या डब्यांत सिमेंट ओतून उभ्या केलेल्या चार काठ्या. त्या काठ्यांच्या मध्ये गाडी मागे घेऊन लावता आली, की माणूस परीक्षेला तयार.

गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक होता. मास्तरांची खरी विद्या त्या पायात होती. घाबरलेला माणूस काठीवर जायला लागला की ते इतकं हलकेच दाबत, की त्याला वाटे आपणच थांबलो. मात्र परीक्षेआधी ते पाय वर घेऊन सीटवर मांडी घालत. काठी पडली तर पडू देत. "काठीला काय आईबाप आहेत?" म्हणत. "तिथल्या गाडीत माझा पाय नसतो."

त्यांच्या पुतणीला हे पाठ होतं. ती ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस सांभाळायची. शिकवायचा परवानाही तिने काढून ठेवला होता, पण काका असताना तिला कोण विचारणार?

मग काकांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. शिकवणं पुतणीकडे आलं. चार महिन्यांनी हात वळू लागला, पाय जरा बधिर असला तरी चालू लागला. पण परवाना अडकला. पुन्हा परीक्षा द्या, असं आरटीओ कचेरीचं पत्र आलं. परीक्षा पास झाले तर शिकवणं चालू, नाहीतर बंद.

"सातच्या वेळेला मी येतो," ते म्हणाले. "तू माझ्या जागेवर बस."

"तुमच्यासारखं ओरडायचं का?"

"जमतंय का बघ."

स्टिअरिंगवर हात अजून स्वच्छ चालत होते. वळणावरून बाहेर पडताना चाकं वेळेवर सरळ होत होती. मग मागे घेणं आलं. डावीकडच्या काठीपासूनचं अंतर त्यांनी बोटभरही चुकवलं नाही. उजवीकडच्या काठीवर मात्र गाडी सरळ चालली. त्यांनी आरशात पाहिलं, मान वळवली, आणि तसेच मागे जात राहिले.

पुतणीने हलकेच ब्रेक दाबला.

"बघ," मास्तर म्हणाले. "हात विसरत नाही."

दुपारी जेवताना तिने पाहिलं, ताटाच्या उजव्या कडेचं सगळं तसंच राहिलं होतं. तिने ताट फिरवून दिलं. "अरे, हे राहिलंच," म्हणत त्यांनी तेही संपवलं. डॉक्टरांकडचा नजर तपासायचा तक्ता ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. पण तक्ता समोर असतो.

तीन आठवडे ती ब्रेक दाबत राहिली. रोज ठरवायची, उद्या सांगू. रोज सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि आदल्या दिवसापेक्षा जास्त बोलायचे. "साडेआठची नर्स परत माझ्याकडे दे. सहा महिने झाले, स्टिअरिंगला अजून बसचा दांडा धरल्यासारखी लोंबकळते. तू लाडावून ठेवलंयस तिला."

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी आरसा नीट केला आणि म्हणाले, "आज पाय वर. नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

तिने पाय वर घेतले. मांडी घातली. गाडी मागे निघाली. काठी जवळ येत होती. तिला दिसत होती. तिने दोन्ही हातांनी आपले घोटे धरून ठेवले.

डबा आडवा झाल्याचा आवाज झाला. गाडी थांबली.

"ही कुठून आली?" मास्तरांनी हळूच विचारलं. मग त्यांनी पूर्ण मान वळवून काठीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. परत समोर पाहिलं, तेव्हा काठी त्यांच्या नजरेतून गेली असावी.

"किती दिवस दाबतेयस?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला वाटायचं, पाय खाली जातोय तो माझाच."

"काका, मी सांगायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले.

त्यांनी इंजिन बंद केलं. खिशातून फोन काढला आणि कचेरीतल्या ओळखीच्या माणसाला लावला. "उद्याची माझी वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्या. नाही, पुढची तारीख नको." पलीकडचा माणूस काहीतरी विचारत राहिला. "नाही, तब्येत बरी आहे," त्यांनी सांगितलं आणि फोन ठेवला.

साडेआठची नर्स फाटकातून आत आली, तेव्हा मास्तरांनी दार उघडलं आणि टपाला धरून ते उभे राहिले.

"तू उतर आणि ती काठी उभी कर," ते पुतणीला म्हणाले. "आणि हिच्या हाताला घाम येतो. आधी फडकं दे, मग गाडी."

गाडीला हात लावत लावत ते मैदानाच्या कडेच्या बाकाकडे गेले.