हनीफभाईंची टकटक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. माझ्या पोटातलं तिला न सांगता कळतं, असा तिचा दावा आहे — पण हे तिला कळलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आणि उद्या रविवार आहे. रविवारची मला भीती वाटते.

तीस वर्षं मी बसचा कंडक्टर होतो, बहुतेक रत्नागिरी-गणपतीपुळे मार्गावर. बिनतिकिटाचा माणूस मला लांबून कळायचा. तिकीट काढलेला कंडक्टरकडे सरळ बघतो. न काढलेला एकदम खिडकीबाहेर समुद्र बघायला लागतो — जसा काही समुद्र आजच आलाय. मी रिटायर झालो, नजर झाली नाही.

हनीफभाईंचा जन्म बोटीवर गेला. खाडीकाठच्या आपल्या घरी परतले ते पोकर शिकून. दर रविवारी दुपारी त्यांच्या पडवीत आम्ही चौघे बसायचो. पैसे नाहीत, काजूच्या बिया लावायच्या. हातात काही नसताना सगळं असल्यासारखं बसायचं आणि समोरच्याचं सोंग ओळखायचं, एवढाच तो खेळ. “पत्ते नको बघू रे कंडक्टर, मानूस बघ,” ते मला सांगायचे. बिया न वाढवता पाळी पुढे द्यायची असली की टेबलावर दोनदा टकटक करायचं. म्हणजे — माझं काही नाही, आता तू बोल.

बाकीचे दोघे मला महिन्याभरात पाठ झाले. बागायतदाराचा हात थाप मारताना गळ्याकडे जायचा. पोस्टमास्तर चांगले पत्ते आले की आंब्याच्या मोहोराबद्दल बोलायचे. हनीफभाई मात्र दोन वर्षं सापडले नाहीत. ते मला वाचायचे आणि हसायचे. मला त्याचा राग होता का? होता. आता लपवून काय करू?

मग एका रविवारी बोलता बोलता त्यांचा शब्द अडला. उजव्या हातातले पत्ते किंचित कलले. पाच मिनिटांत सगळं ठीक. मला वाटलं — सापडलं! दोन रविवारांनी पुन्हा तेच झालं. मी लक्ष ठेवलं. कधी हातात राजे होते, कधी नुसता कचरा. पत्त्यांशी त्याचा काही संबंध नव्हता.

मग कशाशी होता? — इथेच मला थांबावंसं वाटतं. कारण मला माहीत होतं. माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, त्याआधी महिनाभर त्यांच्या हातातून विडी अशीच गळायची. शब्द असाच अडायचा. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो, विसरेन कसा?

मी बोललो नाही. एवढंच असतं तर भित्रा म्हणून सुटलो असतो. पण ती पाच मिनिटं हनीफभाई कुठेतरी हरवायचे, माझा चेहरा त्यांना वाचता यायचा नाही. तेवढ्यात मी बिया वाढवायचो. त्यांचा हात कलण्याची मी वाट बघायचो. ऐकलंत ना? वाट बघायचो. चार रविवार मी असा जिंकलो. ते माझी पाठ थोपटायचे. “शिकलास रे.” त्या बिया आमच्या घरी भाजून खाल्ल्या.

पाचव्या रविवारी पडवीत कोणी जमायच्या आत, सकाळीच ते न्हाणीत पडले. वाचा गेली, उजवी बाजू गेली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी हात लुळा पडला होता का, बोलणं अडलं होतं का, पाच-दहा मिनिटं तरी? तेव्हाच आणलं असतं तर कदाचित गोळ्यांवर निभावलं असतं. हनीफभाईंच्या पत्नी झुबेदाभाभी माझ्याकडे वळल्या.

“भाऊ, तुमी दर रविवारी ह्यांच्या समोर बसता. तुमाला कदी काय वेगळा दिसला?”

“नाय भाभी,” मी म्हणालो. “काय दिसला नाय.”

त्यांनी लगेच विश्वास ठेवला.

बाकीचे दोघे आता येत नाहीत. मी जातो. भाभी चहा देतात, माझ्यासारखा दोस्त नाही म्हणतात. हनीफभाई डाव्या हाताने खेळतात. अर्धा चेहरा हलत नाही, पण डोळे तेच आहेत. माणूस बघणारे. त्यांना ते रविवार आठवतात का? मी नेमक्या कुठल्या वेळी बिया वाढवायचो, ते त्यांना जुळवता आलंय का? मी पत्ते पिसताना ते माझ्या हातांकडेच बघत असतात.

गेल्या रविवारी मी कॅट पिसला. पत्ते अजून वाटले नव्हते. कुणाची पाळी नव्हती. हनीफभाई माझ्याकडे बघत राहिले. मग डावा हात उचलून त्यांनी टेबलावर टकटक केलं. दोनदा. आत भाभींचं भांड्यांचं काम चालू होतं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यांनी पुन्हा केलं, दोनदा.

मी खाडीकडे बघायला लागलो. आणि पत्ते वाटले.