गोकुळ शिरगावच्या माळावरची शेड

कोडोलीचे आकाराम चौगुले, गावाचे तात्या, हवाई दलाच्या भांडारात वीस वर्षं काढून सार्जंट म्हणून घरी आले, तेव्हा उरलेलं आयुष्य म्हशींच्या मागं जाणार असंच त्यांनी धरलं होतं. पण गेल्या वर्षी हंबीरराव नावाच्या ठेकेदारानं त्यांना गाठलं. गोकुळ शिरगावच्या माळावर त्याची पत्र्याची शेड होती. तिच्यात हवाई दलाचं सामान आधीच भरून ठेवायचं होतं. तंबू, खाटा, जनरेटर, विमानात इंधन भरायचे रबरी पाईप. विमानं कुठल्याही धावपट्टीवर तातडीनं हलवायची झाली, तर सामानावाचून खोळंबा नको. देखरेखीला माहीतगार माणूस हवा होता. तात्या तयार झाले.

वर्षभर एक पेटी हलली नाही. झोपलेल्या पेट्यांची राखण करता म्हणून झुंबरबाई नवऱ्याची चेष्टा करायच्या.

यंदा चैत्रात मुलाचा, विश्वजितचा फोन आला. तोही हवाई दलातच, विमानांत इंधन भरणाऱ्या तुकडीत. जोतिबाच्या यात्रेला यायचा होता, पण रजा रद्द झाली. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि तात्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडचं दार उघडलं आणि तात्यांच्या नाकात जळकट रबराचा वास शिरला. पत्रा तापून आत नुसती भट्टी झाली होती. त्यांनी एका पेटीचं सील तोडून पाईप वाकवून बघितला. केसाएवढ्या भेगा. दुसऱ्या पेटीतही तेच.

पेट्या उघडल्याचं कळताच हंबीरराव धावत आला. सामान थंडाव्यात ठेवायचं कबूल करून त्यानं पंखेसुद्धा बसवले नव्हते. हे पाईप वापरायची वेळ थोडीच येणार आहे, मुकाट पेट्या बंद करा, असं तो समजावू लागला. तात्या ऐकेनात, तेव्हा त्याचा आवाज बदलला.

"सील तुमी तोडलंय, तात्या. नाव तुमचंच येणार."

"येऊ दे की. पाईप फुटला तर त्येच्या शेजारी माझं पोरगं उभं असणार हाय."

तात्यांनी तिथूनच हवाई दलाच्या तळावर फोन लावला.

सकाळी एक स्क्वाड्रन लीडर बाई आल्या. चौकशी होईल, जबाब लिहून घेतील, अशी तात्यांनी मनाची तयारी केली होती. बाईंनी फक्त चांगले पाईप किती उरलेत ते विचारलं. त्यांनी आवाजही चढवला नाही. तात्यांना पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा. एवढ्या मोठ्या चुकीवर रागवायलाही ज्यांना सवड नाही, त्यांना कसली घाई असेल?

नवे पाईप दोन दिवसांत आले. तिसऱ्या दिवशी हुकूम आला, दुपारपर्यंत शेड रिकामी करा. ताडपत्र्या बांधलेले ट्रक एकामागून एक हायवेला लागले. आपलं काम संपलं, असं समजून तात्या कुलूप शोधू लागले, तोच दुसरे ट्रक फाटकात शिरले.

त्यांत स्ट्रेचर होती. घोंगड्या, सलाईनची खोकी, आणि पुन्हा स्ट्रेचर.

वीस वर्षांत तात्यांनी एवढी स्ट्रेचर एका जागी पाहिली नव्हती. हे सगळं कशासाठी, असं त्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी उतरवलेल्या मालावरून नजर हटवली नाही.

"अजून किती जागा आहे, तात्या?"

"निम्मी शेड मोकळी हाय."

बाईंनी फोन कानाला लावला. "निम्मी मोकळी आहे," त्या म्हणाल्या. "उरलेलंही पाठवा."

तात्या बाहेर आले. विश्वजितचा नंबर लावला. फोन बंद होता. त्यांनी आणखी दोनदा लावून पाहिला. मग हमालांनी आतून हाक मारली, तसे ते माल कुठं रचायचा ते दाखवायला आत गेले.