ताक आल्यावर

हेमंत गेल्याचं वैशालीवहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी नोएडातल्या एका टॉवरच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये उभा होतो. मोटारीच्या घरघरीत धड ऐकू येईना म्हणून बाहेर उन्हात आलो आणि चक्क विचारलं, "गेला म्हणजे कुठे गेला?" अशा वेळी माणूस किती बावळटासारखं बोलतो! मग माझंच सुरू झालं... अहो वहिनी, असं कसं, दिवाळीच्या तोंडावर तर जेवलो आम्ही बरोबर, चांगला माझ्यासमोर बसला होता, हसत होता. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे भाऊजी, त्याने तुम्हाला सांगितलंच नाही?" या गोष्टीला आता दोन महिने होतील. हेमंतबद्दल लिहायला घेतलं की वहिनींचा तो प्रश्नच आधी समोर येतो, म्हणून सुरुवातही तिथूनच केली.

आमची मैत्री आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समधली. दोघांचेही वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर दिल्लीला आलेले आणि इथेच रुजलेले. आमची दारं समोरासमोर. हेमंतची आई शाळेत शिकवायची, तिला घरी यायला उशीर व्हायचा, त्यामुळे बसमधून उतरला की हा आधी आमच्याकडे जेवायचा आणि मग स्वतःच्या घराचं कुलूप उघडायचा. माझ्या आईला वाढण्याचा भारी सोस. पोळी संपत आली की विचारायचं नाही, सरळ दुसरी टाकायची. मी ताटावर हात आडवा धरायचो. हेमंत मात्र मुकाट्याने खायचा. पोट तट्ट फुगलं तरी त्याच्या तोंडून 'पुरे' म्हणून येत नसे. शेवटी आईच्याच लक्षात यायचं. "अरे, नको तर नको म्हणावं, बाळा. भीड भिकेची बहीण!" असं म्हणून ती ताकाचं भांडं पुढे करायची. दिल्लीच्या जानेवारीत बोटं काकडत असली तरी आमच्याकडे जेवणाचा शेवट ताकानेच व्हायचा. ताक आलं की हेमंतचा चेहरा उजळायचा, कारण आता पोळी यायची नाही याची खात्री पटलेली असायची.

अशा मुलाने पुढे लोकांना नाही म्हणण्याचीच नोकरी धरावी, याला काय म्हणायचं! इंजिनिअरिंग, मॅनेजमेंट, मग मुंबईत काही वर्षं बँक, असं करत तो गुरुग्रामला एका व्हेंचर कॅपिटल फंडात आला. तुम्ही तिथे नेमकं करता काय, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. म्हणाला, "दुसऱ्यांचे पैसे गोळा करायचे आणि नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन लावायचे. बहुतेक कंपन्या बुडतात, यार. एखादीच इतकी मोठी होते की बाकीच्यांचं भरून निघतं. ती एखादी शोधायची." आणि ती शोधताना दारात आलेल्या जवळजवळ सगळ्यांना परत पाठवायचं. पण त्या धंद्यात तोंडावर नाही कोणीच म्हणत नाही. 'टच में रहते हैं', 'थोडी वाढ दिसू दे', 'अगले क्वार्टर में देखते हैं'... मुलगी पाहून गेलेले लोक 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत, त्यातलाच प्रकार. नोकऱ्या सोडून आलेली पोरं बिचारी महिनोन्‌महिने फोनची वाट बघत बसतात.

हेमंतला याची मनस्वी चीड होती. नकार द्यायचा तर समोर बसून द्यायचा आणि तोही जेवू घालून. उपाशी माणसाला नाही म्हणू नये, हा त्याचा नियम. त्यासाठी गुरुग्रामहून ट्रॅफिक तुडवत तो त्या पोरांना कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये आणायचा. झुणका, भरली वांगी, असली तर पुरणपोळी. समोरच्याचं पोट भरेपर्यंत धंद्याचा शब्द काढायचा नाही. शेवटी ताक यायचं. ताकाचा पहिला घोट घेऊन तो सांगायचा, "देखो बेटा, हम नहीं कर रहे," आणि मग का नाही, ते नीट समजावून. हळूहळू त्याची ही रीत सगळीकडे माहीत झाली. 'हेमंत सर ने लंच पे बुलाया है' म्हटलं की ऐकणारा पाठीवर हात ठेवायचा. त्याच्या शोकसभेला लखनौची एक मुलगी आली होती. तिची लहान मुलांच्या कपड्यांची कंपनी करायची कल्पना त्याने अशीच परत पाठवली होती. डोळे पुसत मला म्हणाली, "अंकल, उस दिन बहुत गुस्सा आया था. बाद में समझी, उन्होंने मेरे कितने साल बचा लिए." मी मान हलवली. माझी वर्षं त्याने वाचवली नव्हती, पण ते तिला सांगण्यात काय अर्थ होता?

मी तेव्हा एका लिफ्ट कंपनीच्या सर्व्हिस विभागात होतो. नोएडा-गाझियाबादला उंचच उंच टॉवर उठत होते आणि लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं घरात अडकून पडायची. मोटारीवर आणि दारांवर सेन्सर बसवून बिघाड आधीच ओळखायचा आणि सोसायट्यांकडून देखभालीचं कंत्राट घ्यायचं, अशी माझी कल्पना. थोड्या सोसायट्या मिळाल्याही होत्या. हेमंतच्या ऑफिसात जाऊन मी त्याच्यासमोर आणि त्याच्या भागीदारांसमोर रीतसर प्रेझेंटेशन केलं. त्याच शनिवारी तो आमच्या घरी जेवायला आला. आई तेव्हा होती. पुष्कळ थकली होती, पण हात तोच. तिने न विचारता त्याच्या पानात दुसरी पुरणपोळी टाकली, आणि एवढा मोठा साहेब झालेला हा माणूस मुकाट्याने खायला लागला. मी आपला चिडवायचं म्हणून म्हणालो, "काय हेम्या, कँटीनला नेणार की काय मला?" "छे रे," तो पानाकडे बघत म्हणाला, "तुला कशाला..." आई लगेच म्हणाली, "त्याला काय विचारतोस? तो घरचाच आहे." थोड्याच दिवसांत फंडाचा होकार आला. मी नोकरी सोडली, आणि माझ्या भरवशावर माझ्याबरोबरच्या काहींनीही सोडली.

धंदा वाईट नव्हता, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण तो सावकाश वाढणारा होता. एका सोसायटीचा विश्वास बसला की ती शेजारच्या सोसायटीला सांगणार, मग तिथला सेक्रेटरी बदलणार, मग पुन्हा पहिल्यापासून. फंडाच्या पैशाला मात्र घाई असते. फंडाला मुदत असते, आणि त्या मुदतीत पैसा कित्येक पटींनी वाढून परत जायला हवा असतो. बोर्डाच्या प्रत्येक मीटिंगमध्ये एकच प्रश्न, पुढचं शहर कुठलं? जयपूर उघडलं, पुणे उघडलं, हैदराबाद उघडलं. तिथे चांगले मेकॅनिक मिळेनात, आणि इथल्या जुन्या सोसायट्यांकडे माझं लक्ष राहीना. हेमंतही बोर्डावर होता. आधी माझी बाजू घ्यायचा, मग खिडकीबाहेर बघत बसायचा. शेवटी एका बड्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं, म्हणजे सेन्सर ठेवले आणि माणसं सोडली. मला तेवढी नोकरी दिली, तीच अजून करतोय.

सह्या झाल्या त्या दिवशी पार्किंगमध्ये हेमंत म्हणाला, "सुध्या, धंदा चांगला होता, पण आमच्या पैशाचा नव्हता. मला पहिल्या दिवशीच दिसत होतं. तुला कँटीनला न्यायला हवं होतं."

"मग का नाही नेलंस?"

त्याने गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "काकूंनी वाढलं होतं ना..." एवढंच म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुठल्या कुठल्या पोरांना जेवू घालून खरं सांगतोस आणि मलाच तेवढं नाही? तेव्हा नाही म्हणाला असतास तर मी पाच-पंचवीस सोसायट्या घेऊन सुखात राहिलो असतो, हे मी त्याला सुनावलं. त्याने ऐकून घेतलं. त्यानंतर बोलणं बंद झालं असं नाही. गणपतीत भेटायचो, आई गेली तेव्हा तो पूर्ण वेळ माझ्या शेजारी उभा होता. पण मधली वीण उसवली ती उसवलीच. कोणी त्याच्या स्पष्टवक्तेपणाचं कौतुक केलं की मी कडवट हसायचो.

त्यामुळे दिवाळीआधी त्याचा मेसेज आला, 'गुरुवारी कँटीनला जेवायला ये,' तेव्हा मी तो दोनदा वाचला. वास्तविक मला आता त्याच्याकडे काही मागायचं नव्हतं, मग तो 'नाही' तरी कशाला म्हणणार? तरी गेलो तो धास्तावूनच. भिंतीकडच्या टेबलाशी तो आधीच येऊन बसला होता. बारीक झाला होता, मनगटावरचं घड्याळ पार कोपराकडे सरकत होतं. "वजन उतरवलंस की रे," मी म्हणालो. "हो, डॉक्टर मागे लागलाय," तो म्हणाला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. स्वतः फारसा जेवला नाही, पण मला आग्रह करकरून वाढायला लावलं. आर. के. पुरमच्या गोष्टी निघाल्या. आईची पोळी निघाली. मग ताक आलं. मी हातातला घास खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिलो. त्याने ग्लास उचलला, घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं... आणि वेटरला म्हणाला, "भैया, एक और छाछ."

मला राहवेना. "हेम्या, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय ते बोल."

तो मोठ्याने हसला. "काही नाही रे. नुसतं तुझ्याबरोबर जेवावंसं वाटलं."

आणि मला ते खरं वाटलं! इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू... त्या टेबलाशी 'नाही' न ऐकता उठणारा मी बहुधा पहिलाच माणूस. त्या आनंदात मीच बोलत सुटलो, आमच्या नव्या लिफ्टबद्दल, मुलीच्या परीक्षेबद्दल. लहानपणी आमचे वडील आम्हाला संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या लढाईच्या स्मारकाला घेऊन जायचे. मी म्हटलं, या जानेवारीत आपण दोघं जाऊ, किती वर्षांत गेलो नाही. "येतो ना," तो म्हणाला. "बिलकुल." बाहेर रस्त्यावर आल्यावर त्याने माझा खांदा धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, उसवलेलं शिवलं गेलं.

तेराव्यानंतर मी वहिनींकडे गेलो तेव्हा त्यांनी उरलेलं सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. कळला तेव्हाच उशीर झाला होता. "तो त्या दिवशी तुम्हाला सांगायलाच गेला होता, भाऊजी. मुलालाही सांगितलं नव्हतं तोवर. म्हणाला, आधी सुध्याला सांगतो, ते जमलं की बाकीच्यांना सांगणं सोपं जाईल. घरी आला आणि सोफ्यावर बसून हसायलाच लागला. म्हणाला, वैशू, त्याला जानेवारीत पानिपतला येतो म्हणून सांगून आलो." वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "मग म्हणाला, तो इतका खुशीत होता गं... परत नाही जमलं."

परत नाही जमलं. या तीन शब्दांनी मला दोन महिने झोप नीट लागू दिलेली नाही. धंदा गेला त्याचं आता काही वाटत नाही, खरंच नाही. पण ते मधले आठवडे मला हवे होते. मी रोज गुरुग्रामला गेलो असतो. त्याच्या उशाशी बसून काही नाही तर लिफ्टच्या गोष्टी सांगितल्या असत्या, जुनी भांडणं पुन्हा भांडलो असतो, पार्किंगमध्ये जे बोललो ते मागे घेतलं असतं. हे सगळं त्याने भिडेपायी घालवलं, असा रागही येतो कधी कधी. भल्याभल्यांना सांगत आलास, मला सांगायला काय झालं होतं रे? यंदा संक्रांतीला मी पानिपतला गेलो नाही.

परवा कामासाठी त्या बाजूला गेलो होतो, तर पाय आपसूक कँटीनकडे वळले. भिंतीकडचं टेबल रिकामं होतं. वेटर तोच, गढवालचा, इतकी वर्षं हेमंतच्या पाहुण्यांना वाढणारा. त्याने मला ओळखलं, आग्रहाने वाढलं, शेवटी ताकाचा ग्लास समोर ठेवला आणि पुसायचं फडकं खांद्यावर टाकत हसून म्हणाला, "हेमंत साहब बहुत दिन से नहीं आए. ठीक हैं ना?"

मी ग्लास उचलला. एक घोट घेतला. सांगायचं होतं, शब्द अगदी ओठांवर होते... त्याच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "भैया, एक और छाछ."