माझ्या वडिलांच्या गाण्यातली मुलगी

ज्या गाण्यावर तुम्ही कॉलेजात असताना घसा फुटेपर्यंत ओरडलात, त्या गाण्यातल्या मुलीचं वय किती होतं, हे तुम्ही स्वतःला कधी विचारलं आहे का?

मी विचारलं होतं, आणि तेही छापून. त्याचं काय झालं ते सांगते.

कन्नड मुलखातल्या मोठ्या शहरात, बनशंकरी भागातल्या आमच्या घरात दोन गोष्टींना तोटा नव्हता. वडिलांच्या कॅसेटी आणि आईची पत्रकं. वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, आई एका महिला संघटनेचं काम करायची. पत्रक चामराजपेटेतल्या छापखान्यातून कन्नडमध्ये छापून यायचं, आणि रविवारी आम्ही जमिनीवर बसून त्याच्या घड्या घालायचो. कन्नड वाचायला मी शाळेच्या पुस्तकाआधी त्या पत्रकांवरच शिकले. मला येणारे पहिले कन्नड जोडशब्द ‘हुंडा’ आणि ‘पोलीस तक्रार’ यांच्या आसपासचे होते. आतल्या खोलीत तेव्हा वडिलांची गिटार वाजत असायची.

आईचे नियम कडक होते. विशेषणं कमी, तपशील जास्त. “अन्याय झाला असं लिहू नकोस. काय झालं ते लिही. कुठे, कोणाच्या घरात, कोण कुठे कामाला होतं. नाहीतर लोक म्हणतात, बायका हवेत बोलतात.” खाली फोन नंबर द्यायचाच, कारण बिननंबराचं पत्रक म्हणजे निनावी पत्र. आणि जिच्याबद्दल लिहिलं आहे तिला ते छापण्याआधी वाचून दाखवायचं. ती म्हणेल ती ओळ खोडायची. एकदा एका जळून गेलेल्या मुलीच्या आईने मजकुरातली सगळ्यात धारदार ओळ काढायला लावली. माझ्या आईने तिथल्या तिथे ती काढली. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मला ते पळपुटेपणाचं वाटलं होतं.

मोठी झाल्यावर मीही पत्रकं काढू लागले. कागदावर थोडी, फोनवर पुष्कळ. या शहराला आपल्या रॉकच्या वेडाचा फार अभिमान आहे. अजूनही शनिवारी पबमध्ये साठीचे गृहस्थ चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची परदेशी गाणी वाजवतात आणि खालचे सगळे डोळे मिटून म्हणतात. मी त्या गाण्यांचे शब्द नीट वाचले. शाळकरी मुलींच्या मागे लागलेले पुरुष, बायकोला मारण्याच्या धमक्या, ‘नाही’ म्हणजे ‘हो’. त्यातल्या काही गायकांनी प्रत्यक्षातही तेच केलं होतं. मी ते सगळं नावानिशी लिहिलं आणि अशा एका पबच्या दारात उभी राहून वाटलं.

पुढच्या रविवारी वडिलांच्या जुन्या बँडमधले ड्रमवाले काका जेवायला आले. वडील आणि ते तरुणपणी येलहंकाच्या बाजूला कारखान्याच्या वसाहतीत राहायचे. तिथल्या चौघा-पाच इंजिनिअरांचा बँड होता, आणि ते इंग्रजीत स्वतःची गाणी रचायचे. माझं पत्रक काकांच्या खिशात होतं.

“काय गं, म्हाताऱ्या गोऱ्यांना धुतलंस म्हणे.”

“धुण्यासारखे होते म्हणून.”

“अगं, तो काळच तसा होता. आजची फूटपट्टी तेव्हाच्या माणसाला लावायची म्हणजे पणजोबाला हेल्मेट घातलं नाही म्हणून पावती फाडण्यासारखं आहे.”

आई सोडून सगळे हसले. मी म्हटलं, “पणजोबांच्या गाडीखाली कोणी आलं असेल तर पावती फाडायलाच हवी.”

“बरं बाई. मग घरापासून सुरू कर,” काका भाताला ताक घेत म्हणाले. “परदेशातले काही तुझं पत्रक वाचायला येत नाहीत. तुझ्या बापाचं गाणं ऐकलंयस का? वसाहतीत हिट होतं. वार्षिक समारंभात तीनदा वन्समोअर.”

“जाऊ दे रे,” वडील म्हणाले. पण ते हसत होते. त्यांना बरं वाटत होतं, हे मला दिसलं.

काकांनी कॅसेटवरून फोनवर घेतलेलं रेकॉर्डिंग तिथेच लावलं. निळ्या गणवेशातली मुलगी पाण्याच्या टाकीजवळून पिवळ्या सायकलवर जाते. गाणारा रोज तिथे उभा असतो. ती ‘नाही’ म्हणते, पण तिच्या ‘नाही’चा खरा अर्थ आपल्याला कळतो, असं तो म्हणतो. ती मोठी व्हायची तो वाट पाहतोय. शेवटच्या कडव्यात ती रागाने लाल होऊन त्याच्या दाराशी येते, आणि तिच्या रागात त्याला प्रेम दिसतं. चाल सुंदर आहे. हे मला आजही नाकारता येत नाही.

“ही खरी होती?” मी विचारलं.

“मशीन शॉपमधल्या कामगाराची मुलगी,” काका म्हणाले. “दहावीत होती. आपल्या बेळगावकडचेच लोक.”

वडील तेव्हा चोवीस वर्षांचे आणि अधिकारी होते.

मी चार दिवसांत दुसरं पत्रक काढलं. लिहिताना आपण कोणीतरी आहोत असं वाटत होतं. घरच्यालाही सोडलं नाही, याचा ताठा होता. वडिलांचं नाव घातलं नाही, पण ‘माझे वडील’ असं स्पष्ट लिहिलं. शेवटच्या कडव्याबद्दल मी लिहिलं की ही पुरुषांची जुनी दिवास्वप्नं आहेत, प्रत्यक्षात कुठलीही मुलगी अशी दाराशी येत नसते. आणि कोणी मला हवेत बोलते म्हणू नये म्हणून तपशील दिला. कोणती वसाहत, कोणती टाकी, मशीन शॉपमधल्या बेळगावकडच्या कामगाराची मुलगी, दहावीत.

ती मुलगी आज कुठेतरी असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. माझ्या लेखी ती गाण्यातली होती. तिला वाचून दाखवायचं असतं, हे मला पाठ होतं. पण गाण्याला काय वाचून दाखवायचं?

वडिलांनी पत्रक वाचून माझ्याशी बोलणं बंद केलं. पहिल्या पत्रकापेक्षा हे दसपट पसरलं. वसाहतीतल्या निवृत्त लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. तिथे ते पोहोचलं, आणि काकांनी खाली रेकॉर्डिंग टाकलं, लोकांनी ऐकून स्वतःच ठरवावं म्हणून. मग तिथे दोन दिवस एकच खेळ चालला. ती कोण? मशीन शॉपमध्ये बेळगावचे किती जण होते? त्यातल्या कोणाला मुलगी होती? तिसऱ्या दिवशी कोणीतरी तिचं माहेरचं नाव लिहिलं. कोणीतरी सासरचं. ती आता शिक्षिका आहे, हेही कोणीतरी सांगितलं, शाळेच्या नावासकट.

आठवड्याने पत्रकाखालच्या नंबरवर फोन आला.

“पत्रक तुम्हीच काढलं?”

“हो. आपण कोण?”

“सायकल काळी होती,” ती म्हणाली. “भावाची. पिवळी सायकल घ्यायची आमची ऐपत नव्हती.”

मग तिने सांगितलं, शाळेजवळच्या दर्शिनीत ये, साडेदहाला, मधल्या सुट्टीत. घरी नको.

दर्शिनी म्हणजे इडली-कॉफीचं छोटं हॉटेल, तिथे उभ्यानेच कॉफी प्यायची असते. ती स्टीलच्या उंच टेबलाशी उभी होती. पन्नाशी ओलांडलेली, सुती साडी, बोटांना खडू. मी तिला अक्का म्हटलं.

“तू साहेबांची लेक नव्हं? कपाळ त्यांचंच आहे.” तिने कॉफी पुढे सरकवली. “घे. थंड होईल.”

“अक्का, मी तुमच्या बाजूने लिहिलं होतं.”

“माझ्या बाजूला कुठे होतीस तू? मी तर तुला कधी बघितलं पण नव्हतं.”

तिचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही. वर्गात एखादा पाठ समजावून द्यावा तसं तिने सगळं सांगितलं. समारंभानंतर वसाहतीतली पोरं तिला बघून ते गाणं शिटीवर वाजवायची. वडील मशीनवर असताना सोबतचे कामगार गुणगुणायचे. तक्रार कोणाकडे करायची? गाणं साहेबांचं होतं.

“मग मीच गेले. साहेबांच्या क्वार्टरवर, एकटी. दार वाजवलं. म्हटलं, सर, ते गाणं बंद करा, माझं नाव खराब होतंय. आत चार-पाच जण वाजवत बसले होते. सगळे हसले. एक म्हणाला, अरे, हे तर कडवंच चालत आलं.”

मी कॉफीचा पेला बाजूला ठेवला.

“पुढच्या समारंभात ते कडवं होतं,” ती म्हणाली. “तू लिहिलंस, प्रत्यक्षात कुठली मुलगी अशी दाराशी येत नाही. मी आले होते ना गं.”

दहावीच्या परीक्षेआधी तिच्या वडिलांनी तिला शाळेतून काढलं आणि हुबळीकडे लग्न लावून दिलं. दहावी तिने अठ्ठाविसाव्या वर्षी बाहेरून दिली, मग पदवी, मग बी.एड. नवऱ्याची बदली झाली म्हणून परत या शहरात आली आणि वसाहतीपासून जितकं लांब राहता येईल तितकं लांब राहिली. नवऱ्याला, मुलांना यातलं काही माहीत नव्हतं. आता मोठ्या मुलाने ते गाणं ऐकलं होतं. तो जेवताना तिच्याकडे बघत नव्हता.

“आणि परवा स्टाफरूममध्ये शिटी वाजली,” ती म्हणाली. “कोणी वाजवली ते बघायला मी वळले नाही. पंधरा वर्षांची असताना पण वळत नव्हते.”

शाळेची घंटा झाली. तिने पदर सारखा केला.

“मी काय करू, अक्का? माफी छापू?”

“परत छापणार? बेड मा, नको गं. आणि तुझ्या वडिलांना पण पाठवू नकोस माफी घेऊन. मला ते तोंड बघायचं नाही.” ती दोन पावलं गेली आणि थांबली. “लिहायचंच असेल तर एवढंच लिही, की हे वाजवू नका आणि पाठवू नका. बाकी कोणाचं काही मला नको.”

घरी येऊन मी वडिलांसमोर उभी राहिले. विचारलं, ती दाराशी आली होती का? त्यांनी गिटारची पेटी बंद केली.

“आली होती कोणीतरी,” ते म्हणाले. “आम्हाला वाटलं, गंमत आहे. तेव्हा सगळे तसंच लिहायचे गं.”

“तिला ती गंमत वाटली नव्हती. ती तेव्हाच बंद करा म्हणत होती.”

पुढे मी वाद घातला नाही. कारण ‘तो काळच तसा होता’ म्हणणाऱ्यांना मी आजवर आजचं माप दाखवत आले होते. खरं माप त्याच काळात, त्याच वसाहतीत, वडिलांच्या दारात येऊन उभं राहिलं होतं. ते दहावीतल्या एका मुलीच्या तोंडी होतं. त्यांनी त्याला चाल लावली, आणि पस्तीसेक वर्षांनी मी त्याचा पुरावा करून वाटला. दोघांनीही तिला विचारलं नाही.

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर येऊन मला एवढंच म्हणाली, “मला वाटलं होतं, तू तिला वाचून दाखवलं असशील.” तिने वडिलांकडे पाहिलंही नाही. त्या दिवसापासून ती आतल्या खोलीत जात नाही.

वडिलांनी मूळ कॅसेट माझ्या हातात दिली. काकांनी ग्रुपवरून रेकॉर्डिंग काढलं, कुरकुरत. मी पत्रक जिथे जिथे होतं तिथून काढलं. पण ते आता आमच्या हातात राहिलेलं नाही. मागच्या महिन्यात अक्काने वर्षाच्या मध्यावरच नोकरी सोडली. हे मला शाळेत चौकशी करून कळलं. तिने मला फोन केलेला नाही आणि तो करावा अशी माझी अपेक्षाही नाही.

जुनी गाणी आणि ती रचणारे यांचा हिशोब होऊ नये, असं मी म्हणत नाही. परदेशी गाण्यांबद्दल लिहिलेला एकही शब्द मी मागे घेत नाही, आणि माझ्या वडिलांनी जे केलं ते वाईट होतं. पण हा हिशोब मांडताना मी त्याच मुलीला पुन्हा त्याच टाकीजवळ नेऊन उभं केलं, तेही माझ्या सहीनिशी. वर लिहिलेल्यातले काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत. कोणते, ते विचारू नका.

अक्काने सांगितलं तेवढं लिहिते. निळ्या गणवेशातल्या, सायकलवरच्या मुलीचं एक जुनं इंग्रजी गाणं तुमच्या फोनवर आलं असेल, किंवा त्यावर रागाने लिहिलेलं एक पत्रक, तर दोन्ही आजच पुसून टाका. ज्याने पाठवलं त्यालाही पुसायला सांगा. तो विचारेल, ती कोण होती? तुम्हाला माहीत असलं तरी सांगू नका.