बगळ्याची छत्री

आमच्या न्यू टाउनच्या फ्लॅटमधून सूर्यास्त फार सुंदर दिसतो, असं येणारा प्रत्येक पाहुणा सांगतो. मला तो आता पाठ झाला आहे. मी बालीगंजची, म्हणजे जुन्या शहरातली. जन्म तिथला, लग्न झालं तेही मागच्याच गल्लीतल्या मराठी घरात, आणि निवृत्त होईपर्यंत मुलींना भूगोल शिकवला तोही तिथल्याच शाळेत. नवरा गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, आता आमच्याकडे ये." आले. सुरुवातीला मी मनात आलं की बस धरून बालीगंजला जायची, भाजीवाल्याशी हुज्जत घालायची, मैत्रिणीकडे चहा प्यायची आणि संध्याकाळी परतायची. मग एकदा बसमधून उतरताना पडले आणि मनगट मोडलं.

मनगट जुळलं, पण मुलाचा धसका काही गेला नाही. त्यानं सोसायटीच्या गेटवर सांगून ठेवलं की आई एकटी बाहेर निघाली तर आधी मला फोन करायचा. गेटवरचा दरवान मोठा सभ्य माणूस. "माशिमा, दादाके एक्टू फोन कोरे नी?" मावशी, दादांना जरा फोन करून घेऊ का, असं इतक्या अदबीनं विचारतो की त्याच्यावर धड ओरडताही येत नाही. फोन लागला की मुलगा म्हणतो, "आई, रविवारी मी नेतो ना गाडीनं." आणि रविवारी त्याला झोप पुरी करायची असते. जन्मभर मुलींना नद्या कुठून कुठे वाहतात ते शिकवलं आणि आता मला स्वतःला गेटापलीकडे वाहायची सोय नाही.

सून पुण्याची, कार्टून फिल्मा बनवणाऱ्या एका ऑफिसात चित्रं काढते. हुशार आहे, माझ्याशी प्रेमानं वागते, तिच्याबद्दल तक्रार करायला मला फार विचार करावा लागेल. मागच्या हिवाळ्यात ती एका छोट्या भीतीदायक फिल्मवर काम करत होती. त्यातलं पात्र कोण, हे कळल्यावर मी खुर्चीतून उठलेच. आमच्या लहानपणी एस्प्लनेडच्या थिएटरांत मुख्य सिनेमाच्या आधी एक बगळा दाखवायचे. ढगळ कोट, एका पंखात बॅग आणि दुसऱ्यात छत्री. सदा कुठेतरी निघालेला. दर वेळी सपशेल तोंडावर आपटायचा, कोट झटकायचा, छत्री उघडायचा आणि पुन्हा चालू पडायचा. आम्ही पोरं खुर्च्यांवर पाय आपटून हसायचो. तो पडला म्हणून त्याला घरी बसवावं, असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

नव्या फिल्ममध्ये हा बगळा संध्याकाळी पावसात एका मोठ्या घरात शिरतो. भूत असं दिसत नाहीच. नुसता एक हात येतो, त्याचा ओला कोट उतरवतो, त्याच्यापुढे गरम सूप ठेवतो, अंगावर शाल घालतो आणि त्याच्या पंखातली छत्री हळूच काढून खुंटीला लावतो. पाऊस थांबल्यावर बगळा निघू बघतो, तर प्रत्येक दार उघडून पुन्हा त्याच खोलीत यावं लागतं. शेवटी तो दारं उघडायचंच सोडतो आणि खिडकीशी बसतो. ती सरकती खिडकी मी लगेच ओळखली. सुनेनं आमच्या हॉलचीच काढली होती. "हाताशी हीच होती ना, आई," ती म्हणाली. मी म्हटलं, छान जमली आहे. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

फिल्म इंटरनेटवर आली आणि लोकांच्या कमेंट धो धो येऊ लागल्या. बऱ्याचशा बंगालीत होत्या आणि सुनेला बंगाली बोललेलं थोडं समजतं, वाचता मात्र येत नाही. दुसरा भाग करायचा होता, तेव्हा लोकांना काय वाटलं ते ऑफिसला हवं होतं. ऑफिसातल्या बंगाली मुलांना सवड होईपर्यंत तिनं मलाच धरलं. संध्याकाळी चहा घेऊन आम्ही सोफ्यावर बसायचो. मी वाचून मराठीत सांगायची, ती टाइप करायची. सुरुवातीला मला मजाच वाटली. कुणाची झोप उडाली होती, कुणाचा नातू टेबलाखाली लपला होता, कुणाला भूत दिसलंच नाही म्हणून पैसे वाया गेल्यासारखं वाटत होतं, फिल्म फुकट असूनही!

पण पुढे पुढे माझं डोकं फिरायला लागलं. एकानं लिहिलं होतं, "म्हाताऱ्या बगळ्याला गरम जेवण मिळतंय, डोक्यावर छप्पर आहे, मग रडतोय कशाला?" त्याखाली शेकड्यांनी हसरे चेहरे. दुसरा म्हणतो, दुसऱ्या भागातही याला आतच ठेवा, बाहेर सोडलंत तर मजा जाईल. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सून म्हणाली, "पुढची, आई?" आणि मी पडद्याकडे बघत, तिथे नसलेली कमेंट वाचून दाखवली. "हे भूत प्रेमळ आहे, मान्य. पण छत्री काढून घेण्याआधी त्यानं बगळ्याला एकदा तरी विचारलं का, की तुला जायचं कुठे होतं?"

सुनेची बोटं थांबली. "अहो, काय सुंदर लिहिलंय! कुणी?"

"असेल बालीगंजची कुणी बाई," मी म्हटलं. मला वाटलं, आता ती माझ्याकडे बघेल. तिनं ते वाक्य ठळक केलं आणि चहाचे कप उचलले.

ऑफिसात सगळ्यांना ते वाक्य फार आवडलं. त्यांना मूळ कमेंटचा फोटो हवा होता. सुनेनं विचारल्यावर मी पडद्यावर आपलं कुठेतरी बोट ठेवलं, तिनं फोटो काढून नेला आणि तिथल्या एका बंगाली मुलानं तो मोठ्यानं वाचला. लिहिलं होतं, बगळ्याचे पाय फार सुरेख काढलेत. संध्याकाळी घरात शिरली ती पोट धरून हसतच. "आई, तुम्ही स्वतःच रचलंत! तुमच्यात लेखिका दडलीये, मला कधी कळलंच नाही!" मी खूप वेळ वाट बघितली, पण त्यापुढे तिला काही कळलं नाही.

दुसऱ्या भागात बगळा सुटला. माझ्या वाक्यामुळे सुटला, असं सून येईल-जाईल त्याला सांगत होती. रविवारी सकाळी मुलानं तो मोठ्या टीव्हीवर लावला. हातानं शेवटी छत्री परत दिली, बगळा दाराबाहेर पडला, पायरीवरच धाडकन आपटला, कोट झटकून उठला आणि चालू पडला. मुलानं लहानपणी वाजवायचा तशा टाळ्या वाजवल्या. त्याचे डोळे ओले झाले होते. "बरं झालं, सुटला बिचारा," तो म्हणाला, आणि अंघोळीला गेला.

मी चपला घातल्या, छत्री घेतली आणि लिफ्टनं खाली आले. दरवानानं फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मुलाचा आवाज घाबरलेला होता. "आई, अगं कुठे चाललीस?"

इतक्या महिन्यांत त्यानं हे पहिल्यांदाच विचारलं. "बालीगंजला," मी म्हटलं. "बसनं. एकटी."

"आणि पडलीस तर?"

"तर उठेन. आत्ता बघून टाळ्या वाजवल्यास ना?"

पलीकडे त्यानं नळ बंद केला. मग तो म्हणाला, "फोन जरा त्याला दे."

दरवान ऐकत राहिला, मान हलवत राहिला. फोन ठेवून त्यानं केबिनमधून स्वतःची खुर्ची आणली, रुमालानं पुसली आणि सावलीत मांडली. "बोशून माशिमा, दादा आश्छेन." दादा येतोय, बसा. माझे पाय खरंच दुखत होते, म्हणून मी बसले. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली, आणि मला ओझं नको म्हणून दुसऱ्या हातानं माझी छत्री हळूच धरली. मी ती सोडली नाही.